तोंडातलं पाणी

आधी एक गोष्ट सांगून ठेवते. निशी माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. मी सहावीत, ती चौथीत. हे मला मुद्दाम सांगावं लागतं, कारण आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो की नवीन माणूस तिलाच विचारतं, "ही तुझी धाकटी बहीण काय गो?" ही म्हणजे मी! श्रुतिका! वर्गात पहिली येणारी, सत्तावीसचा पाढा उलटा म्हणून दाखवणारी. आणि ती निशी अजून 'सात सक'ला अडकते.

निशिगंधा म्हणजे माझ्या प्रवीणकाकाची आणि रेश्माकाकीची मुलगी. आमचं घर एकच, शिवथरच्या खोऱ्यात, वाडीच्या अगदी टोकाला. स्वयंपाक एकत्र, टीव्ही मात्र दोन, कारण आजीची मालिका आणि काकाची कबड्डी एकाच वेळी लागतात. आजीचं नाव रंगूबाई. तिच्या शब्दापुढे घरात कुणी जात नाही. गणपतीसुद्धा तिला विचारूनच उठत असेल.

आमच्याकडे गवरीचा एक नियम आहे. गणपतीत गवर येते ती वाडीखालच्या पऱ्यावरून. तिथे ओढ्याच्या वाहत्या पाण्याशी तेरड्याची जुडी पुजायची आणि घरातल्या पोरीनं लुगडं नेसून ती दोन्ही हातांत धरून घरी आणायची. वाटेत अवाक्षर बोलायचं नाही, म्हणून तोंडात पाणी धरायचं. जुडी पाटावर जाईपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. उंबऱ्यात त्या पोरीचे पाय धुतात, भाकरतुकडा ओवाळतात, वाडीतल्या बायका गातात, आणि एरवी "मेले, कार्टे" म्हणणारी आजी तिला "ये माझे बाय" म्हणते. तीन वर्षं ती पोर मी होते.

निशीला त्या गवरीचं वेड. वर्षभर ती अंगणात गाल फुगवून, तोंडात पाणी धरून फिरायची. सराव म्हणे! मी समोर जाऊन डोळे तिरळे करायची, की फुर्रकन सगळं पाणी माझ्याच अंगावर. मग ती आजीकडे जाऊन भुणभुण लावायची, "आजी, माझी पाळी कधी येणार गो?"

"श्रुती शहाणी झाली की मग तुझी पाळी," आजी म्हणायची.

हे मला जाम लागायचं. शहाणी झाली की म्हणजे काय? अजून किती शहाणी होऊ? शाळेत पहिली येते, आजीच्या गोळ्यांवरची नावं वाचून देते, काकाचं मोबाईल रिचार्ज मीच करते. तरी या घरात मला शहाणी म्हणायला कुणाची जीभ उचलत नाही.

आणि मग श्रावणात एका दुपारी मी शाळेतून आले, तर ओटीवर चपलाच चपला. आत माजघरात बायका जमलेल्या. मधोमध सतरंजीवर निशी. अंगात नवाकोरा पिवळा ड्रेस, केसांत अबोलीचा गजरा, ओटीत नारळ, हातात शिऱ्याची वाटी. काकी भिंतीला टेकून डोळे पुसत होती. मला वाटलं हिला काहीतरी बक्षीस मिळालं. पण निशीला बक्षीस आणि कशाचं?

"काय झालं?" मी विचारलं.

"आपली निशी शहाणी झाली," आजी म्हणाली.

माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. मी दप्तर आपटलं. "ही? ही शहाणी? हिला सातचा पाढा येत नाय! गेल्या वर्षी गणितात काठावर पास झाली! पहिली मी आले, आणि शहाणी ही होय?"

बायका इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेजारच्या तुळसाकाकूला ठसका लागला. ती डोळे पुसत म्हणाली, "अगं येडे, तिला पाळी आली."

आता हे ऐकून निशी शिरा तोंडात तसाच ठेवून उभी राहिली. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "माझी पाळी आली? खरंच? म्हणजे या वर्षी गवर मी नेणार?"

सगळ्यांचं हसणं गपकन थांबलं. कुणी कुणाकडे बघेना. शेवटी आजीनंच तिला जवळ ओढलं. "नाय गो बाय. गवर शहाणी न झालेल्या पोरीनं आणायची असते. तू आता त्यात नाय राहिलीस."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पण नाय."

"मग कधी?"

आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. काकी उठून मागच्या दारी गेली. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला निशीचं काहीच वाटलं नाही. मी तिच्या वाटीतले काजू बघत होते. आमच्याकडे शिऱ्यात काजू फक्त सत्यनारायणाला पडतात.

रात्री भांडी विसळताना आईनं मला समजावलं. "शाळेत बाईंनी सांगितलं ना मासिक पाळीचं? तेच हे. आजी त्यालाच शहाणी होणं म्हणते."

"मग बाईंनी तसं का नाय सांगितलं?"

"बाई आजीच्या वयाच्या नायत म्हणून."

"पण त्यात शहाणपणा काय?"

"ते मला पण अजून कळलं नाय," आई म्हणाली आणि हसली. मग म्हणाली, "नऊ वर्षांचं पोर गो ते. अजून बाहुलीला आंघोळ घालतं."

"मला कधी येणार?"

"येईल तेव्हा येईल. घाई कसली तुला?"

घाई कसली म्हणे! अभ्यासात मी पहिली, पोहण्यात मी पहिली, करवंदांच्या जाळीत शिरायला मी पहिली. मोठी मी. आणि मोठं व्हायच्या शर्यतीत ही बया पुढे. मला झोपच लागली नाही. मी अंधारात स्वतःच्या मनगटाला हात लावून बघितला. काटकी नुसती.

त्यानंतर तर निशीचेच दिवस आले. तिला वजन उचलू द्यायचं नाही, तिला मेथीचा लाडू, तिला गरम पाण्याची पिशवी. तिच्या वाटची अंगणाची झाडलोट माझ्याकडे. आणि सगळ्यात वाईट काय तर कपडे. जगात मोठीचे कपडे धाकटीला येतात, आमच्याकडे उलटी गंगा! निशीला आखूड झालेला निळा फ्रॉक काकीनं घडी करून माझ्या हातात ठेवला. "एकदाच घातलाय गो, तुला येईल." मला आला. नुसता आला नाही, सैल झाला.

निशीची नाटकं मात्र काही औरच. काकाचं ढगळं जाकीट घालून ती शाळेत जायची, श्रावणातल्या उकाड्यात. दप्तर पाठीवर न घेता पुढे छातीशी धरायची. चालताना अशी वाकायची की आजी ओरडायची, "ताठ चाल गो, म्हातारी हायस काय?" लंगडीला बोलावलं तर नाही. पऱ्यावर डुंबायला बोलावलं तर नाही. चौथीतल्या पोरींनी तिला बाकाच्या टोकाला बसवलं होतं, 'काकू' म्हणायच्या तिला. मला वाटायचं, मिरवतेय. मोठी झाली ना, आता आमच्यात कशाला खेळेल? मला कुणी काकू म्हटलं असतं तर मी पेढे वाटले असते.

मग एक दिवस काका-काकी तिला घेऊन महाडला गेले, डॉक्टरीणबाईंकडे. तुळसाकाकूनं वाडीभर केलं होतं, की हल्ली त्या ब्रॉयलर कोंबड्यांनी पोरी लवकर मोठ्या होतात. आजीनं सांगून टाकलं, श्रावण संपला तरी या घरात कोंबडी नाही. म्हणजे शहाणी झाली निशी आणि रस्सा बंद झाला माझा! संध्याकाळी ती तिघं परत आली. निशीच्या हातात आइस्क्रीमचा रिकामा कप.

"काय केलं तिथं?" मी विचारलं.

"हाताचा फोटो काढला," ती म्हणाली.

"हाताचा? पोटाचं दुखणं आणि हाताचा फोटो?"

"आतल्या हाडांचा," म्हणाली आणि जाऊन पडली. काकी आईला सांगत होती, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यात कुणाची चूक नाही, कोंबडीची तर नाहीच, काही पोरींना लवकर येते, दर सहा महिन्यांनी आणून दाखवा. मी त्यातलं फारसं ऐकलंच नाही. मी आइस्क्रीमचा कप उचलून वास घेऊन बघितला. बटरस्कॉच.

असे गणपती आले.

गवरीच्या आदल्या दिवशी आजीनं ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "श्रुती, तूच न्यायची हो. घरात आता लहान तूच."

लहान तूच! दर वर्षी या शब्दाची मी वाट बघायची, 'तूच न्यायची'. या वर्षी तो गालावर बसला. गवर नेणं म्हणजे वाडीभर दवंडीच की, बघा बघा, ही अजून शहाणी झाली नाही! मी निशीकडे बघितलं. ती दारात उभी राहून लुगड्याकडे बघत होती. जाकिटाची चेन वर-खाली, वर-खाली करत होती.

"मला नाय न्यायची," मी म्हणाले.

"गप," आजी म्हणाली. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका मला घेऊन पऱ्यावर गेल्या. लुगडं मला इतकं लांब की आईनं निघतानाच कमरेला तीन दुमडी मारल्या, तरी घोळ पायात. तेरड्याची जुडी पुजली, हळदीकुंकू वाहिलं, खणात गुंडाळून माझ्या हातात दिली. तुळसाकाकूनं ओंजळीनं माझ्या तोंडात पाणी घातलं. थंडगार. मी ओठ मिटले.

बायका गात पुढे निघाल्या. बांध निसरडा, दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, माझी पावलं लहान. मी मागे पडले. आणि लुगड्याचा मागचा घोळ कुणीतरी उचलून धरल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर निशी.

"पुढं बघ," ती म्हणाली. "पडशील."

मी चालायला लागले.

"तुझ्या तोंडात पाणी हाय," निशी मागून म्हणाली. "तुला बोलता येणार नाय. म्हणून सांगते. मला तुझा जाम राग येतो, ताई."

घ्या! माझा राग? हिला? मी काय केलं हिचं? बोलायला इतकं काही जिभेवर आलं की पाणी नाकात जायची वेळ आली.

"तू पऱ्यावर उड्या मारतेस. मला बोलावतेस आणि मी नाय आले की तोंड वाकडं करतेस. मला यायचं असतं. पण तिथं सगळे माझ्याकडंच बघतात. मला माझंच अंग नको वाटतं. असं वाटतं, कुणा दुसऱ्याचं घातलंय आणि काढताच येत नाय."

बांधाला वळण आलं. ती घोळ सांभाळत होती आणि बोलत होती, रडत नव्हती. तिनं रडायला हवं होतं, मग मला राग धरता आला असता.

"पप्पा आता मला गाडीवर पुढं टाकीवर बसवत नायत. मम्मी म्हणते, मोठी झालीस. मी कुठं झाले? मला कुणी विचारलं पण नाय. आणि त्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या माहीत हाय? माझी हाडं पुढं पळाली. आता उंच दिसते, पण लवकर थांबेन. तू अजून वाढशील. तू माझ्यापुढं जाशील, बघ. तुला उंची पण मिळणार आणि गवर पण मिळतेय. मला एकदा पण नाय मिळाली. मी किती सराव केलेला."

पुढे बायकांचं गाणं ओटीशी पोचलं होतं. मी मात्र मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते. की मूर्ख, मी तुझा हेवा करते! तुझ्या काजूंचा, तुझ्या आइस्क्रीमचा, काकू म्हणतात त्याचासुद्धा! रात्री मनगटं मोजते मी माझी! आणि तू माझ्यावर जळतेस? कशावर गं, या काटक्यांवर? म्हणजे शाळेत कधी कधी डबे बदलतात तसंच झालं की हे. माझा डबा तिच्या दप्तरात, तिचा माझ्या. आणि दोघी उपाशी बसलोय एकमेकींच्या डब्याकडे बघत.

माझं डोकंच फिरलं. निशीवर नाही. हे वाटप कुणी केलं त्याच्यावर.

उंबऱ्यापाशी सगळी वाडी. काकी पाण्याचा तांब्या घेऊन उभी, आजी भाकरतुकडा घेऊन. आतून आईनं विचारलं, "कोण आली?"

बायका ओरडल्या, "गवर आली!"

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली!"

आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "ये माझे बाय." आणि मी वळले आणि जुडी निशीच्या हातांत दिली.

दिली म्हणजे कोंबलीच. तिनं घाबरून दोन्ही हातांनी धरली. नाहीतर पडलीच असती.

"आगो! आगो!" आजी किंचाळली. "काय करतेस? परत घे ती!"

मी हात मागे बांधले.

"बोल की काहीतरी!"

मी गाल फुगवून दाखवले. बोलू कशी? गवर घरात गेल्याशिवाय बोलायचं नसतं, तिनंच शिकवलेलं.

"ही नाय चालत! शहाणी पोर हाय ती! श्रुते, घे म्हणते ना!"

निशीनं जुडी छातीशी आवळली. ती रडवेली होऊन म्हणाली, "आजी, मी खाली ठेवू काय?"

"नको, नको! खाली नको ठेवू गो बाय!" आजीचा आवाजच बदलला. जुडी जमिनीला टेकवायची नाही, मी घेत नाही, आणि लुगडं नेसलेलं, तोंडात पाणी धरलेलं दुसरं कुणी तिथे नव्हतं. आजी एकदा माझ्याकडे, एकदा निशीकडे, एकदा वाडीकडे बघायला लागली. तुळसाकाकूनं तोंडाला पदर लावला. हसत होती की काय, कुणास ठाऊक.

तेवढ्यात काकी पुढे झाली. खाली बसली आणि तिनं निशीच्या पायांवर पाणी घातलं. डाव्या पायावर, मग उजव्या. पदरानं पुसले. कुंकवाची बोटं लावली. मग भाकरतुकड्यासाठी आजीपुढे हात केला. आजीनं दिला नाही. स्वतःच निशीवरून ओवाळून टाकला, फणकाऱ्यानं, पण ओवाळला.

निशीनं माझ्याकडे बघितलं. मग ओठ घट्ट मिटले आणि गाल फुगवले. तोंडात पाण्याचा थेंब नाही, तरी फुगवले, अंगणात करायची तसे. आणि ती आत गेली. वाकून नाही, ताठ. दोन्ही हात जुडीला, त्यामुळे जाकीट ओढून धरायलाही हात नव्हता. तिची पावलं रांगोळीच्या पावलांवर नेमकी बसली. माझी दर वर्षी अर्धी रिकामी राहायची.

आणि खरं सांगू? मी परत जळले. मीच दिली आणि मीच जळले. बायका तिच्यामागून गात आत गेल्या, सगळं घर तिच्यामागून गेलं, आणि मी एकटी ओटीवर, पायात घोळ, तोंडात पाणी. किती शोभत होती ती! मला वाटलं धावत जावं आणि ओढून घ्यावी परत. पाणी तोंडात आता कोमट झालं होतं. आत आई म्हणाली, "बसली हो गवर पाटावर." तेव्हा मी ते गिळून टाकलं.

आजी बाहेर आली. माझ्यापुढे उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. डोळे लाल. मला वाटलं आता पाठीत बसणार धपाटा.

"आली मोठी शहाणी!" आजी कडाडली.

रागानं का होईना, मोठी पण म्हणाली आणि शहाणी पण.